सिटिझनशिपचे प्रश्न कुठून आले? अमेरिकी नागरिकशास्त्र परीक्षेची पार्श्वभूमी

२० ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकी नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्यांना इतिहास आणि नागरिकशास्त्राची नवी तोंडी परीक्षा द्यावी लागते. अभ्यासाला १०० ऐवजी १२८ प्रश्न, इंटरव्ह्यूत १० ऐवजी २०, आणि पास होण्यासाठी ६ ऐवजी १२ बरोबर उत्तरे. टक्के साठच राहिले, म्हणून हा बदल किरकोळ असल्याचे सांगितले जाते. पण या परीक्षेवरचे भांडण टक्क्यांसाठी क्वचितच झाले. कोणते उत्तर बरोबर धरायचे आणि ते कोणी ठरवायचे, यावर ते होत आले आहे.

१९०६च्या कायद्याने अर्जदाराला इंग्रजी बोलता येणे सक्तीचे केले. इतिहास आणि राज्यव्यवस्थेचे ज्ञान कायद्यात आले ते १९५० साली, कम्युनिस्टांच्या धास्तीच्या दिवसांत. लिहिता-वाचता येण्याची अटही त्याच कायद्यातली. भारतीयांना तोवर परीक्षेच्या दारापर्यंत पोचून जेमतेम चार वर्षे झाली होती. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या एका शीख गृहस्थाला 'गोरा' नाही म्हणून नागरिकत्व नाकारले होते. ती बंदी १९४६ साली उठली, तीही वर्षाला १०० भारतीयांच्या कोट्यासह.

दक्षिणेतल्या राज्यांत तर जन्माने नागरिक असलेल्यांचीच परीक्षा घेतली जाई. मिसिसिपीच्या १८९०च्या राज्यघटनेनुसार मतदाराला घटनेतले कलम वाचता यावे किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा अर्थ सांगता यावा लागे. सांगितलेला अर्थ बरोबर की चूक, हे नोंदणी करणारा कारकून ठरवी, आणि कृष्णवर्णीय माणसाचे उत्तर त्याला सहसा पटत नसे. १९६५च्या मताधिकार कायद्याने अशा परीक्षांवर घाव घातला. प्रश्न विचारणाऱ्याच्या मर्जीवर हक्क सोपवला की काय होते, हे या देशाने पाहिलेले आहे. म्हणूनच नागरिकत्वाच्या परीक्षेत ठरलेली, आधी छापून जाहीर केलेली प्रश्नांची यादी असणे ही मोठी गोष्ट आहे.

सर्वांना सारखी अशी यादी आली, तरी ती पाठ करून म्हणण्यापलीकडे काही तपासत नाही, ही तक्रार राहिलीच. २००७ साली दहा शहरांत नव्या प्रश्नांची चाचणी झाली आणि १ ऑक्टोबर २००८ पासून आपल्याकडच्या बहुतेकांनी दिलेली १०० प्रश्नांची परीक्षा सुरू झाली. तीही निर्दोष नव्हती. यादवी युद्धाला कारण ठरलेली एक समस्या सांगा, या प्रश्नाला गुलामगिरी, आर्थिक कारणे आणि राज्यांचे अधिकार ही तिन्ही उत्तरे चालत. म्हणजे गुलामगिरीचा उच्चारही न करता त्या युद्धाचा गुण मिळवता येई. हे मला आजही खटकते.

खरा वाद पेटला २०२०च्या परीक्षेवर. १ डिसेंबर २०२० पासून आलेल्या अर्जांना ती लागू झाली, सत्ताबदलाला दोन महिनेही उरले नसताना. भूगोलाचे प्रश्न गेले. सरकारच्या तीन शाखांपैकी एक सांगितली की पुरे, तिथे तिन्ही सांगाव्या लागू लागल्या. बारा उत्तरे बरोबर आली तरी ऑफिसर विसावा प्रश्न विचारेपर्यंत थांबत नसे. अडखळत इंग्रजी बोलणाऱ्याला हे फार जड जाई. पण सगळ्यात बोलके होते ते एकच उत्तर. सिनेटर कोणाचे प्रतिनिधित्व करतो? २००८च्या यादीत उत्तर होते, राज्यातल्या सर्व लोकांचे. २०२०च्या यादीत ते झाले, राज्यातल्या नागरिकांचे. प्रतिनिधिगृहाच्या सदस्याबद्दलच्या प्रश्नालाही तसेच उत्तर होते.

हा शब्दांचा किस काढणे नव्हे. प्रतिनिधिगृहाच्या जागा राज्यांना वाटताना राज्यातल्या व्यक्तींची संपूर्ण संख्या धरावी, असे चौदावी घटनादुरुस्ती सांगते. त्यात ग्रीनकार्डवाले येतात, व्हिसावर राहणारे येतात, कागदपत्रे नसलेलेही येतात. या शेवटच्या गटाला जागावाटपाच्या मोजणीतून वगळण्याचा आदेश त्याच वर्षी जुलैत निघाला होता. राजकारणात ज्या मुद्द्यावर झुंज चालली होती, त्यातली एक बाजू परीक्षेत 'बरोबर उत्तर' होऊन बसली. आणि हे उत्तर पाठ करायचे कोणी? ज्याला तोवर मत नव्हते, पण जो कर भरत होता आणि ज्याची शिरगणतीत मोजदाद होत होती, त्याने! जे त्या क्षणी त्याच्या बाबतीतच खोटे होते, ते म्हणायला लावणे अन्यायाचे होते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नागरिकत्वाचे अर्ज पाहणाऱ्या सरकारी खात्याने ही परीक्षा मागे घेतली आणि १ मार्चपासून २००८ची परत आली. २०२५ची परीक्षा मात्र २०२०च्याच साच्यावर बेतलेली आहे. एक सुधारणा आहे: बारा बरोबर किंवा नऊ चूक झाली की ऑफिसर थांबतो.

जन्माने नागरिक असलेल्यांना यातले किती येते? २०१८ साली एका प्रतिष्ठानाने याच परीक्षेतल्या प्रश्नांवर १,००० प्रौढांची पाहणी केली. पर्याय समोर दिलेले असूनही ३६ टक्केच पास झाले. ४५च्या आतल्यांत तर १९ टक्के. त्याआधी २०१५ साली ॲरिझोनाने शाळेतून पदवी घेण्यासाठी हे १०० प्रश्न सोडवणे सक्तीचे केले आणि पुढे अनेक राज्ये त्या वाटेने गेली. तरुण पिढीला काही येत नाही ही ओरड तशी जुनी. १९४३ साली एका वृत्तपत्राने कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या सुमारे ७,००० विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले, तेव्हा मूळच्या तेरा वसाहती सांगू शकणारे ६ टक्के निघाले होते. अर्जदारांत मात्र २००८च्या परीक्षेत दहातले नऊहून अधिक पास होत. ते अभ्यास करून येतात, आणि नापास झाल्यावर काय गमवावे लागेल हे त्यांना ठाऊक असते.

आपल्या घरांत ही परीक्षा सर्वांत अवघड जाते ती मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांना. पंचावन्न वर्षांचे वय आणि ग्रीनकार्डवर पंधरा वर्षे झाली, तर इंग्रजीची सूट मिळते आणि दुभाष्यासह मराठीतून उत्तरे देता येतात. पासष्ट वर्षे वय आणि वीस वर्षे ग्रीनकार्ड असेल, तर अभ्यासाला वीसच प्रश्न असतात, त्यांतले दहा विचारतात आणि सहा बरोबर आले की पुरे. बासष्टाव्या वर्षी आलेल्या आईला पाच वर्षांनी अर्ज करता येतो, पण मराठीतून उत्तरे द्यायची मुभा सत्याहत्तराव्या वर्षी आणि वीस प्रश्नांची सवलत ब्याऐंशीव्या वर्षी. आजारपणाची सूट वेगळी, आणि तिला डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. प्रश्नांची यादी खाते आपल्या अधिकारात बदलू शकते. वयाच्या आणि वर्षांच्या या अटी कायद्यात लिहिलेल्या आहेत, त्या बदलायच्या तर काँग्रेसलाच, म्हणजे अमेरिकी संसदेलाच, कायदा दुरुस्त करावा लागेल.