खातं गोठवण्याचा अधिकार आला कुठून?

दुकानातलं यूपीआय अचानक चालेनासं होतं, एटीएममधून पैसे निघत नाहीत. बँकेत विचारलं की कळतं, दुसऱ्याच कुठल्या तरी राज्याच्या सायबर पोलिसांनी खात्यावर होल्ड टाकला आहे. खातेदाराने त्या राज्यात कधी पाऊलही ठेवलेलं नसतं. बँकेतले साहेब एक तक्रार क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचा ईमेल लिहून देतात आणि म्हणतात, "तिकडून एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणा, आमच्या हातात काही नाही." गेल्या काही वर्षांत दुकानदार, घरून काम करणारे, जुनं सामान ऑनलाइन विकणारे, क्रिप्टोची पी-टू-पी, म्हणजे थेट दुसऱ्या व्यक्तीला, विक्री करणारे अशा अनेकांनी हे वाक्य ऐकलं आहे. ही अवस्था समजून घ्यायची तर बरंच मागे जावं लागतं, कारण ज्या अधिकाराने खातं गोठतं, तो अधिकार बँक खात्यासाठी बनलेलाच नव्हता.

इंग्रजांच्या काळातल्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५५० होतं. चोरीची असल्याचा संशय असलेली किंवा गुन्ह्याचा संशय येईल अशा परिस्थितीत सापडलेली मालमत्ता पोलिसांनी जप्त करावी, एवढाच त्याचा आशय. १९७३ च्या संहितेत तेच कलम १०२ झालं. डोळ्यांसमोर होती ती हातात धरता येणारी वस्तू: दागिने, सायकल, गुरंढोरं. वस्तू सापडली, पंचनामा झाला, मुद्देमाल ठाण्यात जमा झाला. १९७८ च्या दुरुस्तीने त्यात एक महत्त्वाची अट आली. जप्तीचा अहवाल ताबडतोब दंडाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. पोलिसांच्या या मोठ्या अधिकारावर न्यायालयाची नजर राहावी, म्हणून ही अट होती.

बँक खातं ही अशी "मालमत्ता" आहे का, यावर उच्च न्यायालयांमध्ये बरीच वर्षं मतभेद होते. तो वाद मिटला मुंबईतल्या एका भ्रष्टाचाराच्या प्रकरणात. आरोपी सरकारी सेवक होता आणि तपासात त्याची खाती थांबवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने खातं या कलमात बसत नाही असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९९९ मध्ये तो निकाल फिरवला. भ्रष्टाचाराचा पैसा बँकेतच ठेवला जातो, तो थांबवता आला नाही तर आरोपी काढून मोकळा होईल, हा त्यामागचा विचार होता आणि तो रास्तच होता. पण त्या प्रकरणात नोंदवलेला गुन्हा होता, ठरावीक आरोपी होता आणि आपण कोणाचा तपास करतोय हे तपास अधिकाऱ्याला नेमकं माहीत होतं. आज गोठवलेल्या बहुतेक खात्यांच्या बाबतीत यातलं काहीच नसतं, तरी आधार मात्र त्याच निकालाचा घेतला जातो.

मधल्या काळात पैशाचा वेगच बदलला. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी नोटबंदी झाली, मोबाइल डेटा स्वस्त झाला. फसवणूक करणाऱ्यांनी भाड्याने घेतलेल्या खात्यांची साखळी उभी केली. एका खात्यात आलेली रक्कम काही मिनिटांत दहा खात्यांत फुटते, तिथून पुढे आणखी. पीडित माणूस मात्र ठाण्यात हद्दीच्या वादात अडकायचा. पत्र बँकेपर्यंत पोहोचेपर्यंत खातं रिकामं झालेलं असायचं.

यावर उपाय म्हणून केंद्राने यंत्रणा उभारली. ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टल, जानेवारी २०२० मध्ये भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्र आणि एप्रिल २०२१ मध्ये आर्थिक फसवणुकीसाठी १५५२६० ही हेल्पलाइन सुरू झाली. तोच क्रमांक पुढे १९३० झाला. तक्रार आली की तिचं तिकीट थेट संबंधित बँकेच्या पडद्यावर दिसतं. पैसे खात्यात असतील तर बँक ते अडवते. पुढे गेले असतील तर कुठे गेले ते नोंदवते आणि तिकीट पुढच्या बँकेकडे सरकतं. यातल्या प्रत्येक टप्प्याला "लेअर" म्हणतात. ही रचना गरजेची होती, यात मला शंका नाही. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये लोकांनी सायबर फसवणुकीत सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले, तर २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी. कुणाची निवृत्तीची पुंजी वाचते ती पहिल्या तासा-दोन तासांत होल्ड लागला तरच.

अडचण अशी की ही साखळी फक्त रक्कम ओळखते, माणूस ओळखत नाही. तिसऱ्या-चौथ्या लेअरला चोर त्याच पैशातून मोबाइल घेतो, जेवणाचं बिल देतो, आणि दुकानदाराचं खातं त्याच साखळीत ओवलं जातं. दिल्ली उच्च न्यायालयासमोर छोले-भटुरे विकणाऱ्या एका माणसाचं प्रकरण आलं होतं. संशयित रक्कम होती १०५ रुपये, आणि गोठलं होतं सगळं खातं. न्यायालयाने तेवढ्याच रकमेवर लीन ठेवून, म्हणजे फक्त तेवढी रक्कम अडवून, खातं चालू करायला सांगितलं.

दुसरा घोटाळा कागदाचा आहे आणि माझ्या मते तोच जास्त गंभीर. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. अनेकदा गुन्हा नोंदलेलाच नसतो, त्यामुळे गुन्हा क्रमांक नाही, दंडाधिकाऱ्यांना अहवाल नाही, आणि खातेदाराने दाद कोणत्या न्यायालयात मागायची हेही ठरत नाही. गोठवण्याचं काम यंत्रणेने मिनिटांवर आणलं. मोकळं करण्याचं काम मात्र ईमेल, स्मरणपत्रं आणि परराज्यातल्या हेलपाट्यांवरच राहिलं.

न्यायालयांनी हळूहळू लगाम घातला. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये होल्ड वादग्रस्त रकमेपुरता ठेवण्याची दिशा दाखवली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र म्हटलं, की दंडाधिकाऱ्यांना कळवायला उशीर झाला एवढ्यावरून जप्ती रद्द होत नाही. उशिराचा जाब अधिकाऱ्याला द्यावा लागेल. सामान्य खातेदाराला या निकालाने फारसा दिलासा मिळाला नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुनं कलम १०२ तिथे १०६ झालं. शेजारी कलम १०७ नव्याने आलं. गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता टाचेत घ्यायची तर पोलिसांनी अधीक्षक किंवा आयुक्तांच्या मान्यतेने न्यायालयात अर्ज करायचा. न्यायालय संबंधिताला १४ दिवसांची नोटीस देतं, आणि शेवटी ती रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पीडितांपर्यंत पोहोचू शकते. मग पोलीस नुसत्या १०६ वर खातं किती काळ अडवून ठेवू शकतात? केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये १०७ च्या बाजूने कौल दिला: गुन्ह्यातून आलेल्या पैशासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश हवा.

म्हणूनच बँकेत गेल्यावर आधी लेखी विचारावं: तक्रार क्रमांक काय, वादातली रक्कम किती, होल्ड तेवढ्याच रकमेवर आहे की संपूर्ण खात्याला डेबिट फ्रीज (पैसे काढायलाच बंदी), आणि पोलिसांनी कोणत्या कलमाखाली सूचना दिली. त्या व्यवहाराचं बिल, चॅट, माल पाठवल्याची पावती हे सगळं तपास अधिकाऱ्याला ईमेलने पाठवावं आणि त्याची प्रत बँकेलाही द्यावी. उत्तर आलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि गुन्हाच नोंदलेला नसेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचा रस्ता उरतो. पैसे घेऊन "दोन दिवसांत अनफ्रीज करून देतो" म्हणणाऱ्यांच्या हाती कागदपत्रं आणि ओटीपी अजिबात देऊ नयेत.