कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस का लागतात?

रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो, मग लघवीच्या कल्चरला एवढा वेळ का, असं आमच्या प्रयोगशाळेत नेहमी विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. साखर नुसती मोजायची असते. कल्चरमध्ये जिवंत जीवाणू वाढवावे लागतात आणि त्यांना घाई करता येत नाही.

जीवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. या पेशीत केंद्रक नसतं. लांबी साधारण एक-दोन मायक्रॉन, म्हणजे हजार जीवाणू एका ओळीत मांडले तर जेमतेम एक-दोन मिलिमीटर होतील. पुरेसा वाढला की तो मधोमध दुभंगतो आणि एकाचे दोन होतात. लघवीच्या संसर्गात सर्वांत जास्त आढळणारा ई. कोलाय सगळं अनुकूल असेल तर दर 20 मिनिटांनी दुभंगू शकतो. या हिशेबाने सात तासांत एकाचे वीस लाखांवर होतात.

तुमचा नमुना आम्ही अगारच्या, म्हणजे जीवाणूंचं खाद्य मिसळलेल्या जेलीच्या, प्लेटवर पसरवून 35 ते 37 अंश सेल्सिअसला ठेवतो. एकेका जीवाणूची प्रजा साचून डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका व्हायला एक रात्र जाते. मग तो जीवाणू कोणता हे ओळखायचं, त्याच्यावर अँटिबायोटिकच्या डिस्क (औषध मुरवलेल्या छोट्या कागदी चकत्या) ठेवायच्या आणि पुन्हा एक रात्र थांबायचं. डिस्कभोवती वाढ पुरेशी रोखली गेली तर रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’ (औषध लागू पडतं), नाही तर ‘रेझिस्टंट’ (औषधाला दाद देत नाही). आमच्या मते रिपोर्टचा सर्वांत मोलाचा भाग हाच. कारण औषधाला दाद न देण्याचा गुण जीवाणू जनुकांच्या रूपाने शेजारच्या जीवाणूलाही देऊ शकतात, अगदी तो वेगळ्या जातीचा असला तरी. त्यामुळे मागच्या वेळी लागू पडलेली गोळी या वेळी लागू पडेलच असं नाही.

जीवाणू सापडला म्हणजे आजार झालाच, असंही नाही. माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू असतात, असा 2016 सालचा अंदाज आहे. बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात, आपल्याला न पचलेले तंतू पचवतात, थोडं के जीवनसत्त्वही तयार करतात. ई. कोलायचे बहुतेक प्रकार तिथे निरुपद्रवी असतात. तोच मूत्रमार्गात शिरला की जळजळ आणि ताप. काही जीवाणू विष सोडतात. पटकीच्या जीवाणूचं विष आतड्यात एवढं पाणी ओढतं की काही तासांत रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. साधी सर्दी आणि फ्लू मात्र विषाणूंमुळे होतात, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

रिपोर्ट अचूक यावा यासाठी आम्हाला तुमची मदत लागते. शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना द्या. आधीच घेत असाल तर औषधाचं नाव काउंटरवर सांगा. स्वतःहून गोळी बंद करू नका. लघवीची पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. दोन तासांत पोहोचवणं जमत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, कारण बाहेर राहिलेल्या डबीतही जीवाणू वाढत राहतात आणि संसर्ग नसताना असल्यासारखा दिसतो. ‘मिक्स्ड ग्रोथ’ असं लिहून आलं तर बहुधा त्वचेवरचे जीवाणू मिसळलेले असतात. तेव्हा आम्ही नमुना पुन्हा मागतो.

रक्ताचं कल्चर साधारण पाच दिवस ठेवावं लागतं. क्षयाच्या जीवाणूला एकदा दुभंगायलाच 15 ते 20 तास लागतात, म्हणून त्याचा अंतिम रिपोर्ट यायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. वाढ आधी दिसली तर आम्ही त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना फोन करतो.