उलटे ठेवलेले गलबत : हिंगहॅमचे ओल्ड शिप चर्च

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील हिंगहॅम या गावी १६८१ साली उभारलेली लाकडी वास्तू आज ‘ओल्ड शिप चर्च’ या नावाने ओळखली जाते. पण ती बांधणाऱ्या प्युरिटनांनी, म्हणजे साधेपणावर भर देणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांनी, तिला चर्च म्हटले नसते. चर्च म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय, इमारत नव्हे, अशी त्यांची धारणा होती. इमारत होती ती सभागृहाची, जिथे रविवारी प्रवचन होई आणि एरवी गावाचा कारभार चाले. त्यामुळे क्रूस, मूर्ती, रंगीत काचा यांना इथे थारा नव्हता, आणि प्रवचनाचे व्यासपीठ हेच दालनाचे केंद्र होते.

इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातल्या हिंगहॅमहून आलेल्या लोकांनी १६३० च्या दशकात हे गाव वसवले. पहिले सभागृह अपुरे पडू लागल्यावर नवे बांधायचे ठरले, मात्र ते कोठे बांधायचे यावरून गावात चांगलीच जुंपली. अखेर २६ ते २८ जुलै १६८१ या तीन दिवसांत लाकडी सांगाडा उभा राहिला आणि पुढच्या जानेवारीत पहिली उपासना झाली. स्त्री-पुरुषांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या आणि कोणी कोठे बसायचे हे गावच ठरवीत असे.

वास्तूचे खरे वैभव छतात आहे. मूळ दालन ५५ फूट लांब आणि ४५ फूट रुंद होते. एवढी रुंदी मध्ये एकही खांब न घेता ओक लाकडाच्या भक्कम कैच्यांनी, म्हणजे छताचा भार घेणाऱ्या त्रिकोणी चौकटींनी, पेलली आहे. आडव्या तुळईवर उभा केलेला मधला खांब आणि त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे वाकडे टेकू खालून पाहिले, की गलबत उलटे करून डोक्यावर ठेवल्यासारखे वाटते. ‘ओल्ड शिप’ हे नाव बहुधा त्यावरूनच पडले असावे.

पुढे १७३१ आणि १७५५ मध्ये दोन बाजूंनी प्रत्येकी १४ फूट वाढ करण्यात आली. १७३१ मध्येच खाली सपाट छत ठोकून या कैच्या झाकल्या गेल्या. ऊब टिकावी आणि दालन नीटनेटके दिसावे, हा त्यामागचा हेतू असावा. आजचे व्यासपीठ आणि चौकटबंद बाके १७५५ ची. त्यांतली बाके एकोणिसाव्या शतकातील फेरफारात निघाली होती. १९३० च्या जीर्णोद्धारात ती परत आली, खालचे छत उतरवले गेले आणि जवळजवळ दोन शतकांनी त्या ओकच्या कैच्या पुन्हा दिसू लागल्या. १९६० मध्ये वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. सतराव्या शतकातील प्युरिटन सभागृहांपैकी अमेरिकेत आज एवढे एकच उभे आहे आणि तेथे उपासना अद्याप चालू आहे, मात्र ती आता युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट या ठरावीक मतप्रणालीची सक्ती नसलेल्या उदारमतवादी पंथाची आहे.