नवतप्यात स्वेटर

नागपुरात पारा ४५ अंशांवर असताना आजोबा कुलर बंद करायला लावतात, स्वेटर चढवतात, वर शालही मागतात. "एवढ्या उन्हात कसली थंडी?" असा वाद घालू नये. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, ही थंडी खरोखर वाजत असते.

त्वचेतल्या चेतातंतूंकडून आलेल्या खबरीवरून मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग घाम आणि कापरं सांभाळतो. गार वाटण्याची जाणीव मात्र मेंदूच्या इन्सुला या भागात जुळून येते. अल्झायमर किंवा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात हे जाळं विस्कटू शकतं. त्यात वयाने स्नायू आणि त्वचेखालची चरबीही घटलेली असते.

तरी सगळं मेंदूवर ढकलू नका. आधी थर्मामीटर लावा. हातपाय गार लागले तरी छाती आणि मान चाचपून बघा. अंगाचं तापमान ९५ फॅरनहाइटच्या खाली दिसलं, तर थेट दवाखाना गाठा. उतारवयात न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग तापाशिवायही येतो. अशा वेळी अचानक वाढलेला गोंधळ हीच मोठी खूण असते. थंडी नव्याने सुरू झाली असेल, तर हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि साखर तपासून घ्या. रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनीही हातपाय गार पडतात. डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा, परस्पर बंद करू नका.

उन्हाळ्यात आम्हाला जास्त काळजी वाटते ती त्या स्वेटरची. आत अंग तापत जातं, पण तहान लागत नाही. लघवी आवरण्यासाठीची ऑक्सिब्युटिनिन किंवा कंपवातातली ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल, तर घामही कमी येतो. म्हणून स्वेटर हिसकावण्याऐवजी सुती दुपट्टा खांद्यावर द्या. कुलर चालूच ठेवा, फक्त त्याचं तोंड भिंतीकडे वळवा. अंगावर झोत आला की ते उठून बटण बंद करतात. दर तासाला थोडं पाणी किंवा पन्हं हातात द्या, विचारत बसू नका. (हृदय वा किडनीचा आजार असेल, तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवलेलंच.) ताप १०४ च्या आसपास आणि माणूस बरळतोय किंवा ग्लानीत आहे, म्हणजे ऊन लागलंय: कपडे काढा, अंगावर पाणी मारून पंखा लावा, १०८ ला फोन करा. ग्लानीत तोंडाने पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं.

डिसेंबर-जानेवारीत बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. गरम पाण्याची पिशवीही अंगाला लावू नये. मधुमेहाने पाय बधिर असतील तर चटका कळत नाही, आणि कळला तरी सांगता येत नाही. पिशवीने फक्त अंथरूण ऊबदार करावं आणि आजोबा झोपायच्या आधी ती काढून घ्यावी.