प्रागचा पारिझ्स्का रस्ता आणि जुनी ज्यू वस्ती : पार्श्वभूमी

प्रागच्या जुन्या नगरचौकातून व्हल्टावा नदीकडे सरळ जाणारा पारिझ्स्का (म्हणजे ‘पॅरिसचा’) हा रुंद रस्ता योझेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीच्या मधोमध काढलेला आहे. वस्ती मध्ययुगापासूनची असून तेराव्या शतकातले ‘जुने-नवे सिनेगॉग’ (सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ) या रस्त्यालगतच उभे आहे. १८५० मध्ये ती शहराचा पाचवा विभाग झाली. ज्यूंनी तिथेच राहण्याची सक्ती उठल्यावर ऐपतदार कुटुंबे हळूहळू बाहेर पडली आणि रिकाम्या खोल्यांत सर्व धर्मांचे गरीब दाटीने राहू लागले.

१८९३ मध्ये ही गरिबांची वस्ती पाडून नव्याने बांधण्यासाठी कायदा झाला. सक्तीचे भूसंपादन आणि नव्या घरांना करमाफी या दोन तरतुदींच्या बळावर जवळजवळ सगळा भाग जमीनदोस्त करण्यात आला. रोगराई, पुराचे पाणी आणि सांडपाण्याची दुर्दशा ही कारणे खरी होती, हे मान्य करावेच लागेल. मात्र त्यांवर उपाय म्हणून शतकानुशतकांच्या गल्ल्यांचा आराखडाच पुसणे अपरिहार्य होते, असे मानणे कठीण आहे, कारण चौकाची उत्तर बाजू पाडून नदीपर्यंत थेट वाट काढण्यामागे आरोग्याइतकीच राजधानीच्या दिमाखाची ओढ होती. १८९६ मध्ये लेखक-कलावंतांनी जाहीर पत्रक काढून निषेध केला. पण त्यांचा जीव मुख्यतः जुन्या प्रागच्या सौंदर्यासाठी तुटत होता, ज्यू घरांसाठी फारसे कोणी बोलले नाही. तीन सिनेगॉगही पाडली गेली. सहा सिनेगॉग, ज्यू नगरभवन आणि जुनी दफनभूमी तेवढी वाचली. नव्या बांधकामात जमिनीची पातळी उंचावली गेली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथे श्रीमंतांसाठी बहुमजली इमारती उठल्या. आर्ट नूव्हो (वेलींसारख्या वळणदार रेषांची), नव-गॉथिक (मध्ययुगीन टोकदार कमानींचे अनुकरण करणारी) आणि नव-बरोक (जुन्या भरगच्च अलंकरणाचे अनुकरण करणारी) या शैली त्यांत शेजारी-शेजारी दिसतात. कोपऱ्यांवर मनोरे, दर्शनी भिंतींवर शिल्पे आणि पुढे आलेले सज्जे आहेत. कारागिरी उत्तम आहे, यात शंका नाही.

सुरुवातीला संत निकोलसच्या नावाने ओळखला जाणारा हा रस्ता १९२६ मध्ये पॅरिसच्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि नाझी ताब्याच्या काळात, १९४० ते १९४५, त्याला न्यूरेंबर्गचे नाव देण्यात आले. ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे ज्या शहरात जाहीर झाले, त्याचे नाव ज्यू वस्तीतल्या रस्त्याला लावणे हा उघड क्रूरपणा होता. १९५५ मध्ये नदीपलीकडे, याच रस्त्याच्या रेषेत, स्टालिनचे अवाढव्य स्मारक उभारले गेले आणि १९६२ मध्ये ते उडवून देण्यात आले. १९९२ मध्ये प्रागचा ऐतिहासिक गाभा जागतिक वारसा यादीत आला, तेव्हा वस्ती पाडून बांधलेल्या या इमारतीही त्यात समाविष्ट झाल्या. त्यांच्या तळमजल्यांवर आज महागड्या परदेशी कपड्यांची आणि घड्याळांची दुकाने आहेत.