ग्रेट अलेघेनी पॅसेज

ग्रेट अलेघेनी पॅसेज हा अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या पिट्सबर्गपासून मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंत जाणारा साधारण २४० किमीचा (१५० मैल) ट्रेल आहे, म्हणजे अंदाजे पुणे-कोल्हापूर एवढं अंतर. तिकडे सगळे त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून नुसतं 'गॅप' म्हणतात. मोटारींना बंदी. चालणारे, पळणारे, सायकलवाले सगळे एकाच वाटेवर आणि काही भागात कडेच्या गवतावरून घोडेसुद्धा. शहरातले डांबरी तुकडे सोडले तर बहुतेक वाट चुनखडीच्या बारीक चुरीची आहे, चांगली दाबून बसवलेली, त्यामुळे साध्या सायकलवरही जमतं.

ही वाट मुख्यतः बंद पडलेल्या रेल्वे लाईन्सवर आहे. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने डोंगरातली लाईन १९७५ मध्ये बंद केली आणि नंतर रूळ काढले. आता रेल्वेची जमीन म्हणजे लांबच लांब अरुंद पट्टी, मधला एक तुकडा जरी कोणी विकत घेऊन कुंपण घातलं तरी वाट तिथेच तुटते, आणि माझ्या मते या ट्रेलची खरी कमाई हीच की वेस्टर्न पेनसिल्वेनिया कन्झर्व्हन्सी या संस्थेने त्या लाईनचा एक लांब पट्टा वेळेवर विकत घेऊन ठेवला. पहिला तुकडा १९८६ मध्ये पेनसिल्वेनियातल्या ओहायोपाईल गावाजवळ सुरू झाला, जेमतेम १५ किमीचा.

पुढचं काम गावोगावच्या ट्रेल ग्रुप्सनी ओढलं. प्रत्येकाने आपापला पट्टा घेतला: झाडी तोडणं, निधी गोळा करणं, सरकारी ऑफिसांत खेटे घालणं, सगळं. १९९५ मध्ये हे ग्रुप अलेघेनी ट्रेल अलायन्स म्हणून एकत्र आले आणि लिंडा मॅकेना बॉक्स यांनी बरीच वर्षं त्याचं नेतृत्व केलं. पैसा सरकारी अनुदान, खाजगी फाउंडेशन आणि साध्या लोकांच्या देणग्या असा तिन्हीकडून आला. नुसत्या श्रमदानावर एवढं होत नाही हे खरंच, पण मागे लागणारी माणसं नसती तर अनुदान तरी कोणी मागितलं असतं?

कारण कामं साधी नव्हती. सॅलिसबरी व्हायाडक्ट हा सुमारे ५८० मीटरचा जुना रेल्वे पूल कॅसलमन नदी, हायवे आणि एक चालू रेल्वे लाईन असं सगळं ओलांडतो, तो चालण्या-सायकलीसाठी नीट करावा लागला. त्याहून अवघड बिग सॅवेज बोगदा, जवळपास १ किमी लांब. पाणी झिरपून झिरपून आतून पार खराब झाला होता, दुरुस्तीला लाखो डॉलर लागले आणि २००६ मध्ये त्यातून वाट सुरू झाली. पाणी गोठून अस्तर फुटू नये म्हणून हिवाळ्यात त्याची दारं अजूनही बंद करतात, तेव्हा पूर्ण ट्रेल करणाऱ्याने आधी तारखा बघाव्यात.

बोगद्याच्या जवळच सगळ्यात उंच जागा आहे, ७२९ मीटर. इथल्या एका उताराचं पाणी अटलांटिककडे जातं आणि दुसऱ्याचं मेक्सिकोच्या आखाताकडे. इथून कंबरलँडकडे साधारण ३८ किमीत ५५० मीटर उतार आहे, पिट्सबर्गच्या बाजूचा चढ मात्र इतका हळू आहे की जाणवतही नाही, म्हणून आरामात जायचं असेल तर पिट्सबर्गहून निघावं.

शेवटी ट्रेल रखडला तो डोंगरात नाही, शहरात! पिट्सबर्गजवळ कारखान्यांच्या जागा, चालू रेल्वे आणि खाजगी जमीन यांच्यातून वाट काढता काढता वर्षं गेली, आणि सँडकॅसल वॉटरपार्कजवळचा तुकडा जोडून जून २०१३ मध्ये ट्रेल पूर्ण झाला. पहिल्या तुकड्यापासून २७ वर्षं.

कंबरलँडला तो सी अँड ओ कॅनॉल या जुन्या कालव्याच्या काठच्या वाटेला मिळतो, त्यामुळे पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन डीसी जवळपास ५३५ किमी मोटारींपासून लांब राहून जाता येतं. कॉन्फ्लुअन्स, मायर्सडेल अशा छोट्या गावांत सायकलवाल्यांमुळे लॉज, खानावळी, सायकल दुरुस्तीची दुकानं चालतात. पडलेली झाडं उचलणं, गवत कापणं, चर साफ ठेवणं ही कामं आजही बऱ्याच ठिकाणी त्या त्या पट्ट्यातले व्हॉलंटियरच करतात.