डोकेदुखी

डोके, कपाळ किंवा मानेच्या वरच्या भागात होणारी वेदना. खुद्द मेंदूला वेदना जाणवत नाही. दुखतात ती त्याची आवरणे, रक्तवाहिन्या आणि डोक्यामानेचे स्नायू.

ताणाच्या डोकेदुखीत डोके पट्ट्याने आवळल्यासारखे दोन्हीकडून दुखते. कामे कशीबशी उरकता येतात. अर्धशिशीत (आयुर्वेदातील अर्धावभेदक) बहुधा एका बाजूला ठणका लागतो, मळमळते, उजेड व आवाज सोसवत नाही. औषधाविना हा त्रास ४ ते ७२ तास टिकतो. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. घरोघरी याला ‘पित्ताने डोकं उठलं’ म्हणतात. उलटी झाल्यावर हलके वाटते, म्हणून हा समज पक्का होतो. पण उलटी हा अर्धशिशीचाच भाग असतो.

जागरण, उपास, मासिक पाळी, ऊन, चुकलेला चहा ही नेहमीची निमित्ते. चैत्रात वणीच्या गडाकडे पायी निघालेल्या भाविकांना ऊन आणि कमी पाणी, दोन्ही एकदमच भोवतात.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत आणखी एक कारण संभवते. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचे पेस्टिंग करतात, म्हणजे ते लावतात. त्याच्या आगेमागे दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, छाती धडधडते. कीटकनाशक फवारल्यावर डोकेदुखीसोबत घाम, लाळ सुटली किंवा धूसर दिसू लागले, तर ती विषबाधा समजून लगेच रुग्णालय गाठावे.

अर्धशिशीत गोळी दुखणे सुरू होताच घ्यावी. ठणका भरात आल्यावर ती नीट लागू पडत नाही. मात्र साध्या वेदनाशामकाची गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त घेतली, तर तीच डोकेदुखीचे कारण होते. खिशात गोळ्यांची पट्टी बाळगणाऱ्या कितीतरी जणांना हे कुणी सांगितलेलेच नसते. त्यांना ती सवय डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडवावी लागते, आणि वारंवार उठणाऱ्या अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी प्रतिबंधक औषधे मिळतात. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या खाड्यांशेजारी दुखल्याचा दिवस आणि घेतलेली गोळी टिपून ठेवली, तर डॉक्टरांना निदानासाठी त्या नोंदीचा मोठा उपयोग होतो.

क्षणात असह्य झालेले दुखणे, तापासोबत ताठरलेली मान, बोबडी वळणे, हातापायातले बळ जाणे, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारी वेदना : यांत घरी थांबू नये. गरोदरपणात किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोके दुखू लागले, तरी लवकर तपासून घ्यावे.